समोर न बसणारे मास्तर

आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी मास्तरांना फसवलं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना "दोन्ही बाजू असतात हो" असं म्हणायची कुणाला सोय राहायला नको. मी जेटीवर मासळीची बोली लावत मोठी झालेली बाई आहे. बाजू मला कळतात. शब्द देऊन माल उतरवून घ्यायचा, आणि वरून तपासणीवाला आला की "हा माल आमचा नाहीच" म्हणायचं, याला आमच्याकडे एकच नाव आहे.

आता मास्तरांविषयी.

हा माणूस कधी कुणाच्या समोर बसला नाही. तुम्ही बाकावर बसलात की ते तुमच्या शेजारी येऊन बसणार, मध्ये एका माणसाची जागा ठेवणार, आणि मग दोघांनी मिळून समोरचा माड बघायचा. पहिल्यांदा मला वाटलं, एका कानाने कमी ऐकू येत असेल. मग वाटलं, शिकलेल्या माणसाची काहीतरी तऱ्हा. माड बघता बघता ते एक प्रश्न विचारायचे, तोही ठरलेला.

"घरी आता काय चाललंय?"

घरची माणसं कशी आहेत, असं नाही. काय चाललंय. शेतात राब भाजून झाला का, भाताची आवणी कुठवर आली, नागली कापली की उभी आहे. सकाळपासून तोंड न उघडलेला पोरगा या प्रश्नाला मात्र उत्तर द्यायचा. शेताचं सांगता सांगता बैलाचं सांगायचा, बैलाचं सांगता सांगता बापाचं, आणि बापापर्यंत आला की त्याचा आवाज बदलायचा. मास्तर तरीही माडच बघत असायचे.

मिरजोळ्याच्या अंगाला आमच्या कॉलेजचं वसतिगृह आहे. तिथली मेस माझी. आदिवासी मुलामुलींना तिथे सरकारी योजनेतून जागा मिळते. जव्हार, मोखाडा, डहाणूकडची वारली पोरं असतात, मंडणगड-खेडच्या वाड्यांवरची कातकरी पोरं असतात. डोंगरातून उठून आलेली, घरात पहिलीच कॉलेज बघणारी. दरवर्षी त्यातली काही गणपती येईपर्यंत नाहीशी व्हायची. ट्रंक उचलायची आणि जायची. कुणाला काही सांगायची नाहीत. ऑफिसात म्हणायचे, "यांना शिकायचंच नसतं." मी जेवण वाढणारी. मला दिसायचं की जायच्या आधी ताटातला भात कमी कमी होत जातो. पण माझं कोण ऐकणार?

मग वरून हुकूम आला की या मुलांसाठी त्यांच्यातलाच, त्यांची रीतभात जाणणारा समुपदेशक नेमा. तसे मास्तर आले. जव्हारकडचे वारली, चाळिशीचे, मुंबईत मानसशास्त्र शिकलेले. पायात चप्पल, खांद्याला पिशवी. ऑफिसात त्यांना 'सर' म्हणायचे, मुलं 'दादा' म्हणायची. समुपदेशक हा शब्द माझ्या तोंडात बसेना, म्हणून मी मास्तर म्हणायला लागले.

"मी शिकवत नाही काही, वैनी."

"मग काय करता?"

"ऐकतो."

"आणि त्याचा पगार देतात?"

"ऐकायचा नाही देत. लिहायचा देतात," ते म्हणाले. "तिथंच अडचण आहे."

कॉलेजने त्यांना खोली दिली होती. ऑफिसच्या अगदी समोर, काचेचं दार, वर मोठी पाटी: समुपदेशन कक्ष. आत टेबल, टेबलाच्या अलीकडे एक खुर्ची, पलीकडे एक. जाणारा-येणारा प्रत्येक जण आत बघणार. पहिल्या आठवड्यात एकच पोरगा गेला. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला 'मेंटल' म्हणायला लागले, ते वर्षभर म्हणत राहिले. त्यानंतर त्या खोलीची पायरी कुणी चढलं नाही. मास्तर आत एकटे बसून दिवसभर पंखा बघायचे.

एका दुपारी ते माझ्या मेसच्या मागच्या पडवीत आले. तिथे मी पडलेल्या झावळ्या ओढून आणलेल्या असतात. फावल्या वेळात पात सोलून मधल्या काड्या, म्हणजे हीर, काढायचे आणि खराटे बांधायचे, ही माझी लहानपणापासूनची सवय. हात रिकामे राहिले तर मी कुणाशी तरी भांडते.

"ही पडवी मला दुपारची द्याल का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "पडवी माझ्या कंत्राटातली आहे. फुकट मी देवालासुद्धा काही देत नाही. काय द्याल ते बोला."

ते माझ्या शेजारी बसले. एक पातं उचललं, सोलायला लागले, बोट कापून घेतलं, रक्त चोखलं, दुसरं उचललं. मी म्हटलं, भांडी घासायला माणूस लावून द्या. गप्प. मी म्हटलं, बरं, कॉलेजकडून पडवीचे पत्रे बदलून द्या. गप्प. माड बघतायत. शेवटी माझ्याच तोंडून निघालं, "मरू दे, बसा. बसल्या बसल्या दोन खराटे तेवढे बांधून द्या."

"चालेल," ते पटकन म्हणाले.

ओरडून मला हरवायला जेटीवर बरेच आले. गप्प बसून हरवणारा हा पहिलाच.

त्या दिवसापासून दुपारी जेवणं उरकली की पडवीत एकेक जण येऊन बसायला लागला. मास्तर सोलतायत म्हणून बाजूचा सोलायचा. सगळे एका ओळीत, तोंडं माडाकडे. पाती फाटल्याचा चर्र आवाज, मध्येच कुणीतरी काही बोलणार. मी आत भाकऱ्या थापत असायचे. त्यांची बोली मला निम्मी कळायची. कुणाचा बाप वीटभट्टीवर पडला होता. कुणाला इंग्रजीच्या तासाला घाम फुटायचा. एका पोराच्या जातीवरून खोलीतल्या मुलांनी त्याची बादली वेगळी ठेवली होती. हे सगळं ते समोर बघत सांगायचे, जणू माडालाच सांगतायत.

मी एकदा विचारलं, "समोर का बसत नाही हो? आम्ही सौदा करताना माणसाच्या डोळ्यात बघतो."

"आमच्याकडे समोर बसून बोलायचं ते भांडायला, नाहीतर मुलगी मागायला," ते म्हणाले. "दुःखाचं बोलायचं तर शेजारी बसून. हात चालू पाहिजेत. नुसतं बसलं की माणूस लाजतो."

आणखी एक गोष्ट त्यांनी मला तेव्हाच सांगितली. ती तुम्ही नीट लक्षात ठेवा. ते म्हणाले, "वैनी, ही पोरं माझ्याकडे उपचाराला येतात असं कधी कुणापुढं म्हणू नका. त्यांच्यापुढं तर नाहीच. गावी कळलं की पोराच्या डोक्यावर इलाज चाललाय, तर बाप उद्या न्यायला येईल. पोरींचं तर लग्नच अडेल. त्यांना मी सांगितलेलंच नाही. ती येतात खराटे करायला. तेवढंच राहू दे."

आमची भांडणंही व्हायची. ते नागली म्हणायचे, मी नाचणी. आठवड्यातून दोनदा नागलीची भाकरी लावा म्हणून मागे लागले. मी म्हटलं, पीठ महाग पडतं, जमणार नाही. ते शेजारी येऊन बसले. मी म्हटलं, "उठा! माड बघू नका! लावते भाकरी!" तेव्हा इतके हसले की ठसका लागला. मला म्हणायचे, "वैनी, तुमचा राग म्हणजे कुकरची शिट्टी. वाजली की समजायचं, भात झाला."

एकदा पोरांना मांडवीला घेऊन गेले, समुद्र दाखवायला. मीही गेले होते. पोरं आधी बिचकली, मग पाण्यात शिरून आरडाओरडा करायला लागली. मास्तर मात्र चपला हातात धरून कोरड्या वाळूत उभे. लाट जवळ आली की मागे सरकायचे. मी म्हटलं, "काय हो, एवढे शिकलेले आणि पाण्याला भिता?"

"एवढी जागा आणि एक झाड नाही," ते म्हणाले. "धरायचं कशाला?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपली भीती लपवत नाहीत, म्हणून दुसऱ्याला त्यांच्यापाशी आपली सांगता येते.

प्राचार्यांना हे सगळं माहीत होतं. मुद्दाम लिहिते, कारण आता ते नाही म्हणतात. ते स्वतः पडवीत आले होते. माझ्या हातचा चहा घेतला. मुलं ओळीने बसलेली बघितली. त्या वर्षी एकही ट्रंक गणपतीआधी गेली नव्हती, आणि त्यांना त्याचा फार आनंद होता. मास्तरांनी त्यांना सरळ सांगितलं, "सर, मी नावं लिहून ठेवत नाही. केस पेपर करत नाही. समिती तपासायला आली तर दाखवायला माझ्याकडे काही नसेल. मुलांना विचारलं तर ती नाहीच म्हणणार."

प्राचार्य म्हणाले, "तुम्ही जसं करताय तसंच करा. समितीला काय सांगायचं ते माझ्यावर सोडा. मी बंद दाराआड बोलेन त्यांच्याशी."

हे शब्द माझ्या चुलीपासून हाताच्या अंतरावर बोलले गेले. मी साक्षीदार आहे.

आता त्या मुलीचं. नाव लिहीत नाही. डहाणूकडच्या डोंगरातली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. हुशार, पण बोलायला अगदी कंजूष. तिला वसतिगृहात सोडायला तिचा मोठा भाऊ आला होता. ट्रंक डोक्यावर घेऊन आलेला, माझ्याकडे जेवून गेलेला. मासळीला हात लावला नाही, भात मात्र पोटभर खाल्ला. ऐन पावसाळ्यात तो तापाने गेला. हिला कळलं तोपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. नद्या भरलेल्या, रस्ता तुटलेला. तिला जाताच आलं नाही.

पुढे तिला भाऊ दिसायला लागला. भर दुपारी, पाण्याच्या टाकीपाशी उभा. ती जेवायला बसली की टाकीकडे बघायची आणि हात थांबायचा. बाकीच्या मुली घाबरल्या. रेक्टर म्हणाल्या, नाटकं आहेत, घरी पाठवून द्या.

मास्तर तिच्या शेजारी बसले. तिला म्हणाले नाहीत की असं काही नसतं. टाकीकडे बघत विचारलं, "काय म्हणतो तो?"

"काय नाय. उभा राहतो."

"उपाशी असेल."

ती पहिल्यांदा रडली ती तेव्हा.

मास्तरांनी दोन गोष्टी केल्या. एक, तिला घेऊन सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, कारण ती झोपतच नव्हती. बाईंनी गोळ्या सुरू केल्या. दुसरी, तिला म्हणाले, रोज जेवायच्या आधी पहिला घास पानावर काढून टाकीपाशी ठेव, त्याच्या नावाने. मी म्हटलं, "मास्तर, एकतर गोळ्या, नाहीतर घास. दोन्हीकडे बोट कशी बांधता?" ते म्हणाले, "वैनी, बोट बुडत असली की दोन दोर बांधतात का नाही? तुम्हीच सांगा."

त्या दिवशी मी त्यांना चहा दिला नाही.

घास ठेवायला लागल्यावर ती स्वतःही जेवायला लागली. पण खरी गाठ पुढे होती. त्यांच्याकडे माणसाचे दिवस लगेच घालत नाहीत. भात घरात यायला हवं, भावकी जमायला हवी, गाणारा माणूस मिळायला हवा. मग सगळ्यांनी मिळून गेलेल्याला नीट वाटेला लावायचं. तोवर तो घुटमळतो. त्या दिवशी घरचं माणूस हजर हवंच. मास्तर तिला म्हणाले, "भात झोडून झालं की तू जाशील. मी नेईन. तोवर फक्त घास ठेव." ती त्या एका दिवसाच्या भरवशावर जगत होती. डॉक्टरीणबाईंनीही मास्तरांना सांगितलं होतं की तिला त्या दिवशी जाऊ द्याच. रजेच्या कागदावर स्थानिक पालक म्हणून मास्तरांची सही चालायची, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

मग समिती आली.

सभागृहात सतरंजीवर मुलं बसवली होती. व्यासपीठावर समितीच्या मुख्य बाई, बाजूला प्राचार्य, कडेला मास्तर. मी कोकम सरबताचा ट्रे घेऊन दारात. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या, गोड बोलत होत्या. त्यांनी मुलांना विचारलं, "तुमच्यापैकी समुपदेशन कुणी कुणी घेतलं? घाबरू नका, हात वर करा."

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. एकही हात वर गेला नाही.

"कुणीच नाही? मग हे सर काय करतात तुमच्याबरोबर?"

सगळे खाली बघायला लागले. आणि मग ती उठली. जिने वर्गात कधी तोंड उघडलं नव्हतं, ती आपल्या दादांची, म्हणजे मास्तरांची बाजू घ्यायला सगळ्यांसमोर उभी राहिली. चेहऱ्यावर हसू होतं. मी तिला हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"आम्ही दादांबरोबर खराटे करतो, मॅडम," ती म्हणाली. "लई बरं वाटतं."

बाईंनी पहिलं वाक्य लिहून घेतलं. दुसऱ्याच्या वेळी त्यांचं पेन हललं नाही, मी बघत होते.

मी प्राचार्यांकडे बघितलं. म्हटलं, आता उठतील. बाईंच्या कानाशी लागतील, म्हणतील, जरा आत चला, सांगतो. त्यांनी सरबताचा पेला उचलला, त्यातला बर्फ हलवला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

संध्याकाळी पडवीत मी मास्तरांवर तोंड सोडलं. "तुम्ही बोलायचं ना! तोंडात काय गुळणी धरली होती? एक वाक्य! म्हणायचं, हेच ते समुपदेशन!"

"त्या सगळ्यांच्या देखत?"

"मग काय झालं?"

"म्हणजे त्या क्षणी सगळ्या पोरांना कळलं असतं की आपण पेशंट होतो. आणि बाकीच्या कॉलेजलाही." त्यांनी एक पातं उचललं आणि नुसतं धरून बसले. "पोरगी खरं बोलली, वैनी. मी तिला जे सांगितलं होतं तेच बोलली. तिला काही बोलू नका."

मास्तरांचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. कारण सांगितलं ते ऐका. एक, समुपदेशन झाल्याचा पुरावा नाही. दोन, आदिवासी मुलांकडून खराटे बांधून घेतले. म्हणजे राबवून घेतलं! आणि कुणासाठी, तर मेसवाल्या बाईसाठी. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी पिठाचे हात तसेच घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरले. म्हटलं, साहेब, तुम्ही शब्द दिला होता.

ते म्हणाले, "मावशी, मी काय करणार? मुलंच नाही म्हणाली."

"मुलं नाही म्हणणार हे तुम्हाला आधीच माहीत होतं!"

"तुमचं स्वतःचं कंत्राट पण यंदा नव्याने व्हायचंय ना?" त्यांनी विचारलं. अगदी मायेने.

कक्षाच्या काचेवर आता एक कागद चिकटवला आहे. त्यावर फोन नंबर. मन मोकळं करा, असं लिहिलंय. मी करून बघितला. एक बाई आधीच भरून ठेवलेल्या आवाजात सांगते, मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन. मी दाबून दाबून थकले. घरी काय चाललंय, हे कुणी विचारलं नाही.

भात झोडून झालं. तिच्या बापाचा फोन आला, दिवस ठरले. तिने रजा मागितली. रेक्टर म्हणाल्या, "भाऊ पावसाळ्यात गेला ना? मग आता कसली रजा?" हजेरी आधीच कमी होती. स्थानिक पालकाची सही हवी, आणि ते पालक तर आता कॉलेजचे कुणी नव्हते. मी म्हटलं, मी सही करते, मी सोबत जाते. तर म्हणे मेसच्या माणसाची सही चालत नाही. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आणते म्हटलं, तर त्या बदलून गेलेल्या. मी पुन्हा प्राचार्यांकडे गेले. ते बैठकीत होते. दुसऱ्या दिवशीही बैठकीतच होते. अशी बैठक मी जन्मात पाहिली नाही.

मी मास्तरांना फोन केला. ते जव्हारहून गाड्या बदलत आले. वॉचमनने फाटकातून आत सोडलं नाही. त्याला तसं सांगूनच ठेवलं होतं. मग ते वसतिगृहाच्या मागून आले, जिथे माझ्या पडवीला लागून चिऱ्यांचा गडगा आहे, बुटकी कुंपणाची भिंत, आणि पलीकडून हाक मारली. मी तिला बोलावून आणलं. ती गडग्याच्या अलीकडे टेकून बसली, ते पलीकडे.

"घरी काय चाललंय?"

"भात झोडून झाला. उद्या दिवस."

मला राहवेना. मी म्हटलं, "मार उडी! गडगा केवढासा. मी बघते कोण अडवतो ते."

"नको, वैनी," पलीकडून आवाज आला. "पळून गेली तर नाव कापतील. तिला परत येता आलं पाहिजे."

मी आयुष्यभर मोल करत आले. तेव्हा काय घासाघीस करायची ते मला सुचलं नाही. एका बाजूला भाऊ, एका बाजूला शिक्षण, आणि दोन्हीचा भाव ठरवणारा माणूस बैठकीत बसलेला.

मग मास्तर म्हणाले, "मी जातो उद्या तिकडे. तुझ्या वाटणीचा घास मी ठेवीन. त्याला सांगेन, तिला येऊ दिलं नाही. तुझी चूक नाही, हे सांगेन."

ती गडग्यावरचं शेवाळ नखाने खरवडत राहिली. मास्तर उठले तेव्हा चपलांचा आवाज ऐकू आला, आणि थोड्या वेळाने तोही नाही.

त्यांनी सांगितलं तसं केलं, हे तिच्या बापाने मला फोनवर सांगितलं. नंतर नाताळच्या सुट्टीत ती घरी गेली. ट्रंक घेऊन गेली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. ती परत आली नाही. तिच्या खाटेवर आता दुसरी मुलगी आहे. टाकीपाशी काही दिवस कावळे येत राहिले.

मास्तरांचा फोन लागतो, पण ते उचलत नाहीत. ऐकलंय की गावी शेती करतात, हे काम सोडलं. दुसऱ्या एका कॉलेजने बोलावलं होतं, तर म्हणाले, माझ्यामुळे एका मुलीचं शिक्षण राहिलं, आता नको. त्यांच्यामुळे! ज्याने कुणाचं वाईट केलं नाही तो स्वतःला दोष देत भात लावतोय, आणि ज्याने केलं त्याचा गेल्या महिन्यात सत्कार झाला. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या कार्याबद्दल. जेवण माझ्याच मेसचं होतं. मी वाढलं.

म्हणून प्राचार्यसाहेब, हे तुमच्यासाठी लिहिलंय. तुम्ही वाचाल, कारण वसतिगृहातली मुलं तुम्हाला आणून दाखवतील, तेवढी सोय मी केली आहे. कंत्राट काढायचं तर काढा. मी मोकळ्या हाताने जेटीवर उभी राहिले होते, पुन्हा राहीन. पण त्याआधी एका गोष्टीचं उत्तर द्या. मला नको. त्या मुलीच्या बापाला द्या. तो अंगठा उठवतो, त्याला कागद पाठवू नका. डहाणूची गाडी धरा, पुढे डोंगर चढा, त्याच्या अंगणात जा, आणि तोंडाने सांगा: त्या दिवशी सभागृहात तुमची मुलगी उभी राहिली होती, सगळं माहीत असलेला आणि बोलायचा शब्द दिलेला मी एकटाच माणूस तिथे होतो, आणि मी का बोललो नाही?